कुलूप, कोयंडा आणि कूलर

वर्धा जिल्ह्यात कुलूप विकत घेणे ही व्यवहारात सोपी आणि तत्त्वतः फार अडचणीची गोष्ट आहे. १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, तेथील आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय हे एक व्रत आहे. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, एवढाच अर्थ घेऊन सामान्य माणूस निश्चिंत होतो. परंतु १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या आणि पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत गांधीजींनी या व्रताची व्याप्ती इतकी वाढवून ठेवली आहे की, ज्या वस्तूची आपल्याला खरी गरज नाही ती घेणे हीसुद्धा चोरीच ठरते. या हिशेबाने पाहता लग्नात आहेर म्हणून आलेली आणि अजून खोक्यातून बाहेर न निघालेली भिंतीवरची घड्याळे, तसेच पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणून ठेवलेला आणि पाहुणे आल्यावरही न काढलेला कपबश्यांचा संच, हा सगळा चोरीचाच माल होतो, आणि त्याच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप म्हणजे एका चोराने दुसऱ्या चोराविरुद्ध केलेला बंदोबस्त होतो.

‘हिंद स्वराज्य’ या १९०९ च्या पुस्तकात तर गांधीजींनी चोराचा सविस्तर प्रश्न घेऊन त्यावर उपायही सांगितला आहे. चोरावर चिडू नये, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, झोपायची जागा बदलावी आणि चोराच्या हाताला सहज लागेल अशा बेताने सामान मांडून ठेवावे, म्हणजे चोर गोंधळतो, गावात चौकशी करतो, त्याला पश्चात्ताप होतो आणि तो माल परत आणून देतो, असा त्या उपायाचा गोषवारा आहे. या उपायाला खर्च काहीच नसल्यामुळे तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तो निव्वळ कल्पनेतला आहे असेही म्हणता येत नाही, कारण पवनारच्या विनोबांपुढे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी आपली शस्त्रे आणून ठेवली होती. अडचण एवढीच आहे की दरोडेखोर हा निदान संवादाला उभा राहणारा माणूस असतो. खिडकीतून हात घालून चार्जिंगला लावलेला मोबाईल उचलणारा भुरटा चोर प्रवचनाला थांबत नाही.

याचा अनुभव खुद्द सेवाग्रामला आला. आश्रमात दर्शनासाठी ठेवलेला गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याची बातमी २०११ च्या जून महिन्यात बाहेर आली, आणि तो त्याआधी काही महिने जाग्यावर नव्हता असेही तेव्हाच कळले. ज्या माणसाने चोरासाठी वस्तू सोयीच्या जागी ठेवाव्यात असे लिहिले, त्याचीच वस्तू चोराने सोयीने नेली, असा या घटनेचा एक अर्थ लावता येईल. बापूकुटीतील तीन माकडे या प्रकरणी साक्षीदार म्हणून अर्थातच निरुपयोगी होती, कारण त्यांतील एकाने काही पाहिलेले नव्हते, दुसऱ्याने काही ऐकलेले नव्हते आणि तिसरे बोलायला तयार नव्हते. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील ज्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात म्हणून ख्याती आहे तेथे, युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली. शनिदेवाच्या धाकावर बँकेचा पूर्ण विश्वास होता. मात्र तिच्या काचेच्या दाराला दूरनियंत्रकावर चालणारे आणि सहसा नजरेस न पडणारे विद्युतचुंबकी कुलूप होते, असेही त्या वेळी छापून आले होते. श्रद्धा आणि सावधगिरी यांचा इतका सुरेख मेळ फक्त बँकेलाच जमू शकतो.

तेव्हा वर्धेकराला कुलूप घ्यावेच लागते, आणि अस्तेय जमत नसले तरी ते घेताना एकादश व्रतांपैकी स्वदेशीचे व्रत पाळता येते, हे त्याचे समाधान असते. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, त्याआधीपासून अलीगढ हे कुलपांचे गाव म्हणून नावारूपाला येत होते, आणि गोदरेजचे ‘नवताल’ १९५४ मध्ये बाजारात आले. त्याच्या अंगावर लिव्हरांचा आकडा कोरलेला असतो, आणि बहुसंख्य ग्राहक लिव्हर म्हणजे काय हे न विचारता सातचाच आकडा मागतात, कारण पाचापेक्षा सात जास्त आहेत हे त्यांना पक्के ठाऊक असते.

लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटात एकीवर एक रचलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या होत. प्रत्येक पट्टीला स्वतःची स्प्रिंग असते आणि प्रत्येकीत एक खाच असते. चाबीचे दाते या पट्ट्या उचलतात, आणि सगळ्या पट्ट्या आपापल्या नेमक्या उंचीवर येऊन खाचा एका रेषेत आल्या म्हणजेच आतला खटका सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडावे आणि जास्त उचलली तरी अडावे, ही खुबी रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ मध्ये बसवली. सात लिव्हरचे कुलूप म्हणजे थोडक्यात सात टेबलांवरच्या सह्या झाल्याखेरीज न हलणारी सरकारी फाईल होय; फरक इतकाच की कुलपात चुकीच्या माणसासाठी वशिल्याची सोय मुळातच ठेवलेली नसते.

दुसरी जात पिनांच्या कुलपांची. तिचे मूळ तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत सापडते, आणि आज दाराच्या लॅचमध्ये दिसणारी चपट्या चाबीची तिची आवृत्ती लायनस येल या अमेरिकी कारागिराने १८६१ मध्ये पेटंट घेऊन आणली. यात प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते, आणि योग्य चाबी घातली म्हणजे सगळ्या पिनांचे सांधे एका पातळीवर येऊन आतले नळकांडे फिरते. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा शक्य उंची धरल्या तर सहाचा पाचवा घात, म्हणजे ७,७७६ निरनिराळ्या चाब्या होऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती, त्यामुळे घरोघरी अशी कुलपे बसली तर शहरात कोणाची ना कोणाची चाबी आपल्या दाराला लागण्याची शक्यता फार मोठी आहे, असे गणित सांगते. दिलासा एवढाच की ती कोणाची, हे चोराला माहीत नसते आणि त्या सद्गृहस्थालाही माहीत नसते.

न उघडणारे कुलूप म्हणून जगात जे काही होते, त्याचा निकाल १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी लागला. ब्रामा कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून ते उघडणाऱ्यास २०० गिनी देण्याचे आव्हान कैक वर्षे मांडून ठेवले होते. अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी माणसाने आधी चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि मग ब्रामाच्या कुलपापाशी बैठक मारली. तेही १६ दिवसांत विभागलेल्या ५१ तासांच्या खटपटीनंतर उघडले. या घटनेने इंग्रजांची झोप उडाली, परंतु तिच्यातून गृहस्थाने घ्यायचा धडा वेगळाच आहे. हॉब्ज हा सज्जन होता म्हणून तो कुलपाशी ५१ तास बोलत बसला. चोर कुलपाशी बोलत नाही, तो कोयंड्याशी बोलतो.

हे सत्य मराठी वर्तमानपत्रांनी पिढ्यानपिढ्या छापलेले असूनही वाचकांच्या ध्यानात आलेले नाही. ‘दाराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला’ हे वाक्य घरफोडीच्या बातमीत ठरलेलेच असते (विदर्भातील पत्रकार कुलूपकोंडा असा आटोपशीर शब्द वापरतात), आणि त्यात जागा कोयंड्याने सोडली हे स्पष्ट लिहिलेले असते. कुलूप पुष्कळदा तसेच, न उघडता, लिव्हरांसह शाबूत, तुटलेल्या कोयंड्यात लोंबकळत पंचनाम्याला हजर राहते. दारावरची कडी ज्यात अडकते ते चौकटीवरचे लोखंडी कडे म्हणजे कोयंडा, आणि तो चौकटीला धरून ठेवणारे स्क्रू म्हणजे घराची खरी सुरक्षा. हे स्क्रू बहुधा अर्ध्या इंचाचे असतात. त्यांपैकी दोन पेचकसाने पिळून बसवलेले आणि उरलेले दोन जेवणाची सुट्टी जवळ आल्यामुळे सुताराने हातोडीने ठोकलेले असतात, म्हणजे नावाने स्क्रू आणि कर्माने खिळे. त्याखालचे लाकूड उधईने आतून कोरलेले असले तर पहारही लागत नाही, पानाही चालतो.

म्हणून जाणकार दुकानदार आधी कुलूप दाखवतच नाही. वर्ध्याच्या बाजारपेठेतील अशा दुकानात घडणारा संवाद साधारण ठरलेला असतो. ग्राहक म्हणतो, ‘‘भाऊ, एक पक्कं कुलूप द्या.’’ दुकानदार विचारतो, ‘‘कोन्त्या दाराले लावाचं हाय? दार कायचं हाय?’’ ग्राहकाला हा प्रश्न खासगी वाटतो, कारण दार प्लायवूडचे आहे हे सांगायला तो आलेला नसतो. तो उत्तर टाळून कुलूप हातात घेतो, तळव्यावर तोलतो, कानाशी नेऊन हलवतो, चाबी सात-आठ वेळा फिरवतो आणि जड आहे म्हणून पसंत करतो. वजन ही कसोटी अगदीच चुकीची नाही, पण तिच्याआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात: कुलपाची वाकडी दांडी कठीण केलेल्या पोलादाची आहे की नाही, ती पोटात दोन्ही पायांना अडकते की एकाच, आणि कडीत अडकवल्यावर दांडी व कडी यांच्यामध्ये पहार शिरेल इतकी फट राहते काय. या तीन गोष्टी पटवून झाल्यावर दुकानदार कोयंड्यासाठी आरपार जाणारे आणि आतून चाकीने आवळायचे बोल्ट पुढे करतो, आणि कुलपाला शेकड्यांनी रुपये मोजणारा ग्राहक बोल्टांच्या किमतीवर घासाघीस सुरू करतो.

वर्ध्याच्या दारांना आणखी एक दुखणे आहे, ते जमिनीचे. ज्या काळ्या मातीने हिंगणघाटच्या कापसाला नाव मिळवून दिले, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावरच्या हलक्या पायाच्या घरांच्या भिंती तडकतात, चौकटी तिरप्या होतात आणि दाराचे लाकूडही ऋतुमानाप्रमाणे आपला आकार ठरवते. परिणामी मे महिन्यात बसवलेल्या लॅचचा खटका ऑगस्टमध्ये आपल्या भोकासमोर येत नाही. त्यावर कानसीने भोक मोठे करणे हा सर्वमान्य उपाय आहे, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते भोक इतके ऐसपैस होते की खटका आत शिरला काय आणि न शिरला काय, दाराला त्याचे सोयरसुतक उरत नाही. जाड सागवानी दार असेल तर त्याच्या जाडीत कोरून बसवायचे, ज्याला मॉर्टिस म्हणतात ते, कुलूप उत्तम असते. पण पातळ फ्लश दारात तेवढा खड्डा कोरला की कुलपाभोवती लाकडाऐवजी लाकडाची आठवण शिल्लक राहते, आणि तेथे पृष्ठभागावर बसणारे कुलूपच बरे.

या सर्व काळजीवर पाणी ओतणारी वस्तू मात्र वेगळीच आहे, आणि तीत पाणी शब्दशः ओतावे लागते. ती वस्तू म्हणजे कूलर. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात उन्हाळा लागला की खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कूलर चढतो, त्याचे तोंड आत घेण्यासाठी खिडकीचे पल्ले उन्हाळाभर उघडे राहतात, कोठे कोठे गजही कापलेले असतात, आणि उरलेली फट थर्माकोल, पुठ्ठा किंवा जुन्या दिनदर्शिकेने बुजवलेली असते. समोरच्या दाराला सात लिव्हर आणि बाजूच्या खिडकीला दिनदर्शिका, अशी ही तटबंदी चार महिने टिकते. शिवाय कूलरच्या पंख्याचा आवाज असा असतो की चोराने आत येऊन कपाट सरकवले तरी घरातल्यांना ते पाण्याची मोटर बिघडल्याचे लक्षण वाटते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक हा चोर भिंतीला भोक पाडताना त्याचा आकार कमळासारखा असावा की पूर्णकुंभासारखा, याचा शास्त्रोक्त विचार करतो आणि गळ्यातील यज्ञोपवीताने माप घेतो. वर्ध्यात त्याची कला वाया गेली असती, कारण येथे भोक आधीच पाडलेले आणि चौकोनी असते. त्या नाटकात पुढे दागिन्यांचा डबा सांभाळणारा मैत्रेय झोपेत बरळत तो डबा स्वतःच चोराच्या हाती देतो; प्राचीन काळच्या या नाटककाराला सुरक्षाव्यवस्थेचे मर्म कळले होते, असेच म्हणावे लागेल.

दारावर भरभक्कम कुलूप आणि बाजूने मोकळी वाट हा प्रकार केवळ घरांपुरता नाही. संपूर्ण वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, आणि नागपूर, यवतमाळ व अमरावती यांसारखे शेजारचे जिल्हे त्याच्या कूलरच्या खिडक्या आहेत. जिल्ह्यात अधिकृतपणे आणि खरोखर कडेकोट कुलपात असलेली दारू पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारातच असावी.

दुकाने आणि जिनिंगची गोदामे यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. शटरला दोन टोकांना दोन कुलपे लावण्याची रीत आहे, आणि चोर तिचा मान राखून शटर मध्येच वाकवतो. म्हणून मधले कुलूप आणि जमिनीत पक्के गाडलेले कोयंडे लागतात. बाकी रोकड रात्री दुकानात न ठेवणे हे कोणत्याही कुलपाहून स्वस्त पडते.

लॅच हे कुलूप दार ओढून घेताच आपोआप लागते, हा त्याचा गुण मानला जातो. वैशाखात मात्र हाच गुण माणसावर उलटतो. सकाळी गृहस्थ बनियन आणि टॉवेल अशा वेषात वर्तमानपत्र उचलायला उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकतो, मागून गरम वाऱ्याची झुळूक येते, दार धाडकन लागते, आणि त्याला ‘अज्ञात चोरट्यांनी’ हा मथळा अंगणात उभ्याने वाचत बसावे लागते. खटका मागे ओढून धरून ठेवणारी छोटी खिट्टी प्रत्येक बऱ्या लॅचला असते. ती कशासाठी आहे हे समजायला बहुतेकांना असा एक तरी टॉवेल खर्ची घालावा लागतो.

बोटाच्या ठशावर उघडणारी नवी कुलपे आता नागपूरहून वर्ध्यातही येऊ लागली आहेत. त्यांना चाबी हरवण्याचे भय नाही, पण कापूस वेचून, धुणी-भांडी करून किंवा विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांना हे यंत्र ओळखत नाही. रेशन दुकानातील यंत्रापुढे चार वेळा अंगठा पुसून दाबणाऱ्या आजीला हा अनुभव नवा नाही. आता स्वतःच्या घरानेही तिला अनोळखी ठरवावे, ही प्रगती झाली. पश्चिमेच्या दारावर दुपारभर ऊन खाल्लेल्या त्या धातूला बोट लावायचे धाडस चोरही करणार नाही, हा मात्र त्याचा निर्विवाद फायदा आहे. आतल्या बॅटऱ्या संपल्या तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून दार उघडण्याची सोय अशा कित्येक कुलपांना असते, आणि दूरदृष्टीचे गृहस्थ ती बॅटरी घरातच, कपाटात, जपून ठेवतात.

लोंबते कुलूप बाहेरून लावले की घरात कोणी नाही अशी पाटीच लागते, म्हणून लग्नसराईत गावाला जाणाऱ्यांनी आत बसणारे कुलूप वापरावे, असे पोलीसही सांगतात. परंतु त्या पाटीमुळेच शेजारच्या काकूंना घर बंद असल्याचे कळते, आणि घराकडे कोण फिरकले, किती वेळ थांबला, त्याच्या हातात काय होते याची नोंद कोणत्याही कॅमेऱ्याहून बारकाईने ठेवली जाते. शिवाय कॅमेरा ‘‘कोन पायजे?’’ असे विचारत नाही. जादा चाबीही काकूंकडेच असते. ती तुळशीवृंदावनात, मीटरच्या पेटीवर किंवा चपलांच्या कप्प्यात ठेवणाऱ्यांचे चातुर्य शंकास्पद आहे, कारण या जागा चोराला त्याच्या स्वतःच्या घरापासूनच ठाऊक असतात. कायदाही या बाबतीत जागरूक होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलणारा मनुष्य होता आणि मालकाची हरवलेली चाबी सापडल्यावर तिने दार उघडणाराही होता. काहीही न फोडता झालेली घरफोडी कायद्याने घरफोडीच मानली. तेव्हा चाबी हरवली तर कुलूप बदलावे हा सल्ला कायद्याला धरून आहे, आणि तो सहसा कोणी पाळत नाही.

त्याऐवजी रस्त्याच्या कडेला लोखंडी कड्यात शेकडो कोऱ्या चाब्या ओवून बसणाऱ्या चाबीवाल्याला बोलावले जाते. तो येतो, कुलपाच्या तोंडाशी डोळा लावतो, कोरी चाबी आत घालून हलवतो, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा पाहून कानस मारतो, आणि असे तीन-चारदा करून कुलूप उघडून देतो. पाच मिनिटांत उघडले तर एवढ्याशा कामाचे इतके पैसे कसले, म्हणून मालक वाद घालतो. तासभर लागला तर याला काम येत नाही, असे शेजाऱ्यांना सांगतो. कुलूप लवकर उघडले नाही म्हणून आनंदित झालेला मालक अद्याप आढळलेला नाही. शेवटी पैसे ठरतात, आणि त्याच पैशांत आणखी दोन चाब्या करून द्या असा आग्रह होतो. कुलूप उघडण्याची हातोटी ज्याला कळली आहे आणि घराचा पत्ताही ज्याला ठाऊक झाला आहे, त्याच्याकडून त्या हसतमुखाने करून घेतल्या जातात, आणि त्यांतली एक लगेच काकूंकडे पोचवली जाते.